माहिती देणारी व्यक्ती: आजी

बालरोग विभागाच्या केसपेपरवर नाव, वय, गाव झालं की एक ओळ येते. ‘माहिती देणारी व्यक्ती’, आणि तिच्या पुढ्यात ‘विश्वासार्हता’. तीन वर्षांचा रोगी स्वतःबद्दल काही सांगत नाही. सांगितलंच तर ‘दादाने मारलं’ एवढंच सांगतो, आणि त्यावरून हृदयाच्या झडपेचं निदान होत नाही. मग आई सांगते, आई नसेल तर आजी. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींनी ते सगळं लिहून घ्यायचं आणि शेवटी त्या बाईची विश्वासार्हता चांगली, बरी की यथातथा ते ठरवायचं. ज्या मुलीला स्वतःच्या मोबाइलचा चार्जर सापडत नाही, तिने चार पोरं आणि नऊ नातवंडं वाढवलेल्या बाईला शेरा द्यायचा! आमच्या वेळच्या शाळा तपासनीसालाही एवढा अधिकार नव्हता.

हे ज्ञान मला माझ्या पुतणीमुळे झालं. ती मुंबईत एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. तिची बालरोगाची पोस्टिंग रंगात आली आणि नेमके गणपती आले. विजयदुर्गचा माणूस एक वेळ परीक्षा बुडवील, पण गणपती बुडवायला घरी येणार म्हणजे येणारच. ती आली. बरोबर घई नावाचं जाडजूड पुस्तक, गळ्यात स्टेथो, स्टेथोला चिकटून बसलेलं एक प्लॅस्टिकचं अस्वल, आणि चेहऱ्यावर ‘परत गेल्या गेल्या एंडिंग आहे’ अशी सुतकी कळा. एंडिंग म्हणजे पोस्टिंगच्या शेवटची परीक्षा. एक मूल समोर ठेवतात, त्याची केस घ्यायची, मग सर येऊन तुमची केस घेतात.

गणपतीत विजयदुर्गात मुलांचा तुटवडा नसतो. मुंबई, पुणे, ठाण्याचे चाकरमानी तळेऱ्याहून आत वळले की गाडीतून सामान कमी आणि पोरं जास्त उतरतात. पुतणीने आल्याच दिवशी जाहीर केलं, ‘मी अजून डॉक्टर नाही. औषध देणार नाही. फक्त केस घेणार. कुणाला खरंच बरं नसेल तर सरळ दवाखान्यात न्यायचं.’ गावाने यातला ‘नाही’ वगळून बाकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खळ्यात चपलांची रांग. माझी बायको चहाचं आधण चढवतच राहिली.

पहिला धक्का वजनाने दिला. बालरोगात सगळं वजनावर चालतं. मोठ्या माणसाला गोळी म्हणजे गोळी, मग तो पैलवान असो की तलाठी. लहान मुलाचं साधं तापाचं औषधही किलोमागे मिलिग्रॅम असं गुणाकार करून ठरतं. म्हणून या डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना वजनाची गणितं तोंडपाठ असतात. जन्माच्या वजनाची पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. पुढे सहा वर्षांपर्यंत वयात चार मिळवा आणि दोनाने गुणा. तीन वर्षांचं मूल, म्हणजे सात दुणे चौदा किलो. आमची पुतणी मुलाकडे बघायची, ओठ हलवायची आणि आकडा सांगायची.

खळ्यात एक मासळीवाली मावशी टोपली उतरवून चहा घेत बसली होती. आयुष्य जेटीवर गेलेलं. पुतणी एका चिमुरड्याला म्हणाली, ‘चौदा.’ मावशी बशीतून डोळेही वर न काढता म्हणाल्या, ‘साडेबारा. तेतूर चड्डी इली.’ शेजारच्या अंगणवाडी ताईंनी टांगायचा काटा आणला. पोराला झोळीत घालून लटकवलं. ते केकाटलं. काटा साडेबारावर थांबला. सूत्रात जे वजन असतं ते असायला हवं ते वजन, हा बारकावा पुतणीने समजावून सांगितला आणि तो अगदी खरा होता. पण मावशींनी तोवर पुढच्या पोराला उचलून खाली ठेवलं होतं. अंगणवाडी ताईंनी दंडाला रंगीत पट्टी लावून साडेबाराचं पोर हिरव्या रंगात आहे हे दाखवलं. लाल रंग साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लागतो, आणि तो लागला की मग मात्र चहा पीत बसायचं नसतं.

आहाराचा इतिहास हा केस घेण्यातला सगळ्यात कठीण भाग आहे असं माझं, एका श्रोत्याचं, मत झालं. गेल्या चोवीस तासांत मुलाने काय काय खाल्लं ते विचारायचं, त्याचे उष्मांक काढायचे, आणि वयाला लागणाऱ्या उष्मांकांतून ते वजा करायचे. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपलंय, कारण पुस्तक लिहिणाऱ्याची कोकणातल्या आजीशी गाठ पडलेली नसावी.

‘आजी, काल सकाळपासून काय खाल्लं याने?’

‘कायेक खाणा नाय गो पोरगो.’

‘तरी. सकाळी?’

‘सकाळी काय, वाटीभर पेज. तेच्यार सुक्या बांगड्याचो एक तुकडो. मगे एक आंबोळी. नायतर दोन. दुपारी वरणभात, पण तो मऊ करून मीच भरवलंय, ता तेचा खाणा न्हय. मोदक दोन. तिसरो तेणां गायीक घातलो.’

‘म्हणजे दोन.’

‘न्हय, अडीच. गायीक अर्धो पावलो.’

पुतणीने बेरीज केली. पोर वयाच्या गरजेपेक्षा जास्तच खात होतं. आजींना तिने तसं सांगितलं. आजींनी पदराने नातवाचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘तुझ्या पुस्तकातला हेका कोणी सांगलला नाय. माका तो बारीक दिसता.’ केसपेपरवर विश्वासार्हतेच्या रकान्यात पेन बराच वेळ नुसतं अधांतरी फिरत राहिलं.

माझी आई या सगळ्याकडे पडवीतल्या झोपाळ्यावरून बघत होती. नव्वदीला टेकलेली, कानाने जरा अधू, पण पोर कोणत्या कारणाने रडतं ते तिला आवाज न ऐकताही कळतं. पोट दुखतंय की झोप आलीय की नुसतं लक्ष हवंय, याचं तिचं निदान आजवर फारसं चुकलेलं मला आठवत नाही. पुतणीने मोठ्या उमेदीने एका आठ महिन्यांच्या बाळाच्या छातीला स्टेथो लावला. बाळाने आधी अस्वलाकडे, मग तिच्याकडे, मग आईकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की समोरच्या घरात आरती थांबली. हृदयाचे ठोके ऐकू येणं तर सोडाच, खाडीपलीकडचं कुत्रंही भुंकायला लागलं. पुतणी ओशाळली. मग तिला आठवलं की अनोळखी माणसाला बघून रडणं ही साधारण सात ते नऊ महिन्यांच्या वयाची खूण आहे, आणि जे मूल रडलं त्याची वाढ झकास चाललीय. तिने लगेच तसं लिहून टाकलं. बालरोगाइतका उदार विषय दुसरा नसेल. इथे तुमचा अपमानही रोग्याच्या प्रगतीत जमा होतो.

झोपाळ्यावरून आवाज आला, ‘आधी मुकाट बस गो. पोर तुका बघूंदे. मगे तू पोराक बघ.’

गंमत म्हणजे वॉर्डात सरही हेच सांगतात, फक्त त्याला अर्धं लेक्चर लागतं. मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने तपासता येतं. मुलाच्या बाबतीत क्रम मुलाने ठरवायचा. ते आईच्या मांडीवर असताना आधी नुसतं लांबून पाहायचं: रंग कसा, खेळतंय का, नाकपुड्या फुगतायत का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का. शांत असेल तेवढ्यात पहिल्यांदा श्वास मोजायचे, मग स्टेथोची चकती तळव्यात घासून कोमट करून हृदय ऐकायचं. घसा आणि कान अगदी शेवटी, कारण त्यानंतर मैत्री उरत नाही.

या ‘तेवढ्यात’वर सगळं आहे. आणि आमच्या गावाला ‘तेवढ्यात’चा अनुभव जुना आहे. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला नॉर्मन लॉकियर नावाचे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लंडनहून विजयदुर्गला आले होते. हेलियमशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच हे लॉकियर. गावात कुणी तुम्हाला १८६८ साल सांगेल, ते ग्रहण वेगळं आणि त्या वर्षी साहेब इंग्लंडातच होते, पण वाद घालू नका, त्याने चहा मिळायचा बंद होतो. तर १८९८ ला साहेबांच्या दिमतीला मेल्पोमिनी नावाच्या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते. दुर्बिणी मांडल्या, ज्याने त्याने आपापली जागा आणि आपलं काम पाठ केलं, पुन्हा पुन्हा तालमी झाल्या. कशासाठी? खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात जे दिसेल ते टिपायचं. सूर्य ‘अहो, जरा पुन्हा एकदा’ म्हणून थांबत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुतणीने तालमी सुरू केल्या. पोर आलं की स्टेथो खिशात. ती खळ्यात मांडी घालून बसायची, पोराकडे पाठ करायची आणि फुलांच्या परडीतून एकेक दूर्वा मोजायची. पोराला चैन पडायची नाही. ते हळूच जवळ यायचं. ती तिरक्या नजरेने त्याच्या पोटाकडे बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त भरले आणि सोबत खोकला असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणारा विद्यार्थी एंडिंगला हमखास पकडला जातो, कारण लहान मुलं नियमित श्वास घेत नाहीत. ती मधेच जणू विचार करायला थांबतात.

श्वास मोजणं म्हणजे किरकोळ काम असं वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. तिथल्या गावांत बाळं न्यूमोनियाने जायची. गावातल्या दायांना रोग ओळखायला शिकवायचं तर अडचण अशी की पन्नासपर्यंत मोजायचं कसं? तेव्हा मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं एक साधन केलं. वाळू संपेपर्यंत श्वासांबरोबर मणी सरकवायचे, खुणेपलीकडे गेले की औषध सुरू करायचं. आमच्या पुतणीला स्मार्टवॉच असूनही गणती चुकते हे ऐकून आई म्हणाली, ‘जपमाळ घे माझी.’ आणि तिने घेतली. सरांना सांगायचं नाही या अटीवर.

बाळाच्या वाढीचे टप्पे म्हणजे एंडिंगचा लाडका प्रश्न. दोन महिन्यांना ओळखीचं हसू, तीनला मान धरणं, आठला आधाराशिवाय बसणं, नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीने बारीक वस्तू उचलणं, वर्षासव्वा वर्षाला चालणं. पुतणी हे पाठ म्हणत असताना आई प्रत्येक टप्प्यावर आमच्या कुटुंबातला पुरावा जोडत होती. बारीक वस्तू उचलायच्या वयात मी जमिनीवरची सुकी सुंगटं उचलून खाल्ली आणि वाडीभर खोकलो, हे पन्नास माणसांसमोर पुन्हा एकदा सांगण्यात आलं. ओळखीच्या हसण्यावर मात्र मतभेद झाला. झोपेत हसणाऱ्या दहा दिवसांच्या बाळाला पुतणी म्हणाली, हे खरं हसू नव्हे, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आई म्हणाली, सटवाई हसवते. मी मधे पडून म्हटलं की दोघींच्याही मते बाळ स्वतः हसत नाहीये, म्हणजे मतभेद नाहीच. दोघींनी मला आत जाऊन नारळ फोडायला सांगितलं.

सगळ्याच लढती बरोबरीत सुटल्या असं मात्र नाही. जुलाब झालेल्या एका मुलाला त्याच्या आजीने मीठ घालून पातळ पेज पाजली होती. पुतणीने घई उघडलं. घरगुती पेयांत भाताची पेज चक्क होती. ती कबूल झाली आणि वर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, थोडं थोडं, आणि झिंकच्या गोळ्या किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, असं सांगून आली. पण तान्ह्या बाळाला बाळगुटी उगाळून दिली जातेय हे कळल्यावर तिने अस्वलासकट स्टेथो गळ्यात घातला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. डोळ्यांत काजळ नाही. टाळूवर तेलाच्या घागरी ओतायच्या नाहीत. ती टाळू साधारण दीड वर्षात आपोआप भरते, तेल न प्यायलेल्या देशांतही. बाळंतिणीच्या सासूने माझ्या आईकडे पाहिलं. आई काहीच बोलली नाही. मी तिला ओळखतो, तिचं गप्प राहणं म्हणजे मत फिरलंय. निदान काजळापुरतं.

लसीकरणाचं कार्ड विचारलं की प्रत्येक चाकरमानी आई म्हणायची, ‘मुंबईला राहिलं.’ या देशात कितीतरी मोलाच्या गोष्टी मुंबईला राहिलेल्या असतात. मग पुतणी मुलाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधायची आणि बाकीचं ‘सहा आठवड्यांच्या सुईनंतर ताप आला होता का?’ असं आडवळणाने काढून घ्यायची. आईला लशीचं नाव आठवत नाही, पण ताप कुठल्या रात्री आला, कोण जागलं आणि कोण घोरत होतं ते तिला पक्कं आठवतं. घोरणारा बहुतेक शेजारीच बसलेला असतो.

याच मुंबईत परळला १९२९ साली फक्त मुलांसाठी वाडिया रुग्णालय उभं राहिलं. पूर्वी मुलं मोठ्यांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यात सामावून घेतली जायची, बालरोग म्हणजे मेडिसिनचं शेपूट समजलं जायचं. आता त्याला वेगळा पेपर आहे, वेगळं व्हायवा आहे, आणि पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे वेगळी भीती आहे. तिला सरांपेक्षा सिस्टरांची भीती जास्त वाटते. हे शहाणपणाचं लक्षण. तान्ह्याच्या हातातली ती धाग्यासारखी शीर कुठे सापडते, कुठलं बाळ संध्याकाळपासून जरा ‘शांत वाटतंय’ हे सिस्टरांना आधी कळतं, आणि लहान बाळ फार शांत वाटणं ही चांगली बातमी नसते. वॉर्डातल्या मावशी तर नव्या विद्यार्थ्याला उभ्या उभ्या ओळखतात: जो बाळ हातात घेताना मान सांभाळतो त्याला चहा, जो पुस्तक सांभाळतो त्याला नुसतं ‘बाजूला व्हा डॉक्टर’.

अनंत चतुर्दशीच्या आधीच पुतणी परत गेली. एंडिंगला तिला अडीच वर्षांचा एक मुलगा मिळाला. बरोबर मुलाची आजी होती, आणि ती आजी रायगडकडची होती, त्यामुळे भाषेचा आधार नाही. पुतणी आल्या आल्या त्याच्याकडे पाठ करून खाली बसली आणि खिशातून स्टिकर काढून मोजायला लागली. शेजारच्या खाटेवर केस घेणारा तिचा मित्र म्हणे तोवर मुलाला उताणा पाडून घसा बघत होता, आणि बाकीच्यांना आपापल्या खाटेवरही त्या मुलाच्या आवाजातच केस घ्यावी लागली. सर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो श्वासांचा. पूर्ण मिनिटाचा आकडा तयार होता. दुसरा, ‘इन्फॉर्मंट कोण? रिलायेबल?’

‘आजी, सर. चांगली.’

‘कशावरून?’

‘मुलगा काही खात नाही म्हणाल्या सर, पण मी चोवीस तासांचं विचारलं तर सगळं नीट सांगितलं. फक्त निष्कर्ष त्यांचा स्वतःचा आहे.’

सर हसले. पुतणीच्या मते ते खरं हसू होतं, प्रतिक्षिप्त क्रिया नव्हती. मार्क बरे पडले.

हे सगळं तिने फोनवर सांगितलं. मी फोन स्पीकरवर टाकून आईच्या कानाशी धरला होता. पुतणी उत्साहात म्हणाली, ‘आजी, मी ठरवलंय. पुढे बालरोगच करणार. लहान मुलांची डॉक्टर होणार.’

आई थोडा वेळ फोनकडे बघत राहिली. मग काळजीच्या सुरात म्हणाली, ‘बरा. हो हो. पण मगे मोठ्या माणसांचो डाक्टर कधी होतलंस गो?’